कार्डावरची पाहुणी

वडील वारले तेव्हा सिडनीहून टोंगाला, आपल्या मायदेशी बेटावर, जायला सेइनीकडे पैसे नव्हते. मैत्रिणीने, कर्स्टीने, आपले विमानप्रवासाचे साठलेले पॉइंट्स दिले आणि सेइनी मातीला पोहोचली. पण त्यानंतर प्रत्येक बार्बेक्यूला कर्स्टी तो उपकार सगळ्यांना वाढायची. आज दोघी ब्रिस्बेनला लग्नाला निघाल्या होत्या. सिडनी विमानतळाच्या लाउंजमध्ये कर्स्टीने स्वतःच्या सभासद-कार्डावर तिला पाहुणी म्हणून आत नेलं, आणि शेजारच्या अनोळखी जोडप्याला हसत सांगितलं, “हिला बापाच्या मयतीला मीच धाडलं, फुकटात!” जोडपं कौतुकाने हसलं. सेइनीने बशी आदळली. “बाप माझा मेला, कर्स्टी, आणि मिरवतेस तू?” “अगं, गंमत केली! बस खाली, लोक बघताहेत.” “बघू देत. वर्षभर तूच मला दाखवत फिरतेयस.” पिशवी उचलून ती बाहेर गर्दीत जाऊन बसली. वडील गेल्यापासून पहिल्यांदाच ती कुणाचेही आभार न मानता रडली.