गळलेला ठोका

बापाच्या कानाला गाडी अधूनमधून मिसिंग मारत होती, आणि उद्या सकाळी लेक तान्ह्या बाळाला घेऊन त्याच गाडीने घाट उतरणार होती. तीस वर्षं गॅरेज चालवलेला तो माणूस बॉनेटखाली वाकला होता. प्लग बदलून झाले, कॉइल बदलून झाली. तरी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून त्याने मूठ कानाला लावली, की त्या घरघरीत मध्येच एक ठोका गळायचा.

"बाबा, आठवडाभर चालवतेय मी. एक आचका बसला नाही. आणि घाम बघा किती आलाय तुम्हाला!"

"गप गं. हा कान आजवर फसलेला नाही. घाटात बंद पडली म्हणजे?"

"पुरे आता," म्हणत लेकीने किल्ली फिरवून गाडी बंद केली आणि ती पाणी आणायला घरात गेली.

बॉनेटखाली वाकलेला बाप मूठ कानाला लावून तसाच उभा राहिला.



घरघर थांबली होती. कानात ठोके चालूच होते, आणि मध्येच एक गळला.