तक्रारवही

सूप समोर आलं तरी काकांनी चमचा उचलला नाही. आधी गळ्याशी रुमाल खोचला, मग चष्मा पुसला, मग डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी सरकवली. काकूंना कळत होतं, माणूस वेळ काढतोय.

"गार होईल," त्या म्हणाल्या.

"होऊ दे. कुठं पळून जातंय?"

हॉटेल होतं तसंच होतं. लाल रेक्झिनची बाकं, जागोजागी ठिगळं लावलेली. काळ्यापांढऱ्या चौकटींची फरशी. भिंतीवर पत्र्याच्या जाहिराती, त्यातल्या साबणवाल्या बाईच्या गालाला गंज चढलेला. नवं गिऱ्हाईक हटकून विचारायचं, हे सगळं मुद्दाम जुनं आणलंय का? गल्ल्यावरच्या मालकीणबाई म्हणायच्या, "नाही हो, आणलं तेव्हा नवंच होतं."

त्यांच्या मागे खिळ्याला सुतळीनं तक्रारवही टांगलेली होती. गेल्या तीस वर्षांतली ही तिसरी वही, आणि तिन्ही वह्यांत अक्षर एकाच माणसाचं. काकांनी नोकरीभर दुकानदारांचे वजनकाटे तपासले होते. रिटायर झाल्यावर काटे सुटले, खोड सुटली नाही. 'पाव आज अर्धा मिनिट जास्त भाजला.' 'कस्टर्डमध्ये गुठळी, एक.' आचारी रोज शिव्या घालायचा आणि रोज वाचायचा.

तीन महिने वहीत एक ओळ पडली नव्हती. काकांच्या घशाचा आजार बरा झाला, पण औषधांनी जाता जाता जिभेची चव नेली. परत येईलही, न येईलही, असं डॉक्टर म्हणाले होते. काकांनी ही गोष्ट घरात सांगितलीच नाही. त्याऐवजी ते जेवणाचं कौतुक करायला लागले. सारा संसार झाला, जेवणाला कधी बरं न म्हटलेला माणूस रोज म्हणायला लागला, "छान झालंय." एकदा काकू भाजीत मीठ घालायचंच विसरल्या. काकांनी ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं आणि म्हणाले, "छान झालंय." त्या दुपारी काकूंनी स्वयंपाकघराचं दार लावून रडून घेतलं. तेव्हापासून त्या हे दोन शब्द ऐकायलाच घाबरत होत्या.

आज काका आपणहून म्हणाले होते, "चल, बटाट्याचं सूप पिऊन येऊ."

अखेर चमचा तोंडात गेला. गल्ल्यावर सुटे पैसे वाजायचे थांबले. स्वयंपाकघराच्या खिडकीत आचाऱ्याचं डोकं दिसलं.

"खारट झालंय," काका म्हणाले.

"खारट! अहो, खारट म्हणाले!" मालकीणबाई गल्ल्यावरून उठल्याच. आचाऱ्यानं हातातला डाव दणकन कट्ट्यावर आपटला आणि हसला.

काकू मात्र हसल्या नाहीत. मघाशी हात धुवायच्या निमित्तानं आत जाऊन आचाऱ्याला त्यांनीच सांगितलं होतं, चिमूटभर जास्त घाल म्हणून. त्यांनी मालकीणबाईंकडे पाहिलं. मालकीणबाईंचा चेहरा पडला.

"मीपण घातलं थोडं," त्या पुटपुटल्या. "म्हटलं, आजारी तोंड, जरा लागायला हवं."

"आणि मी तुम्हा दोघींच्या आधीच दुप्पट घातलं होतं," खिडकीतून आवाज आला.

काकांनी चमचा खाली ठेवला. "म्हणजे सगळ्यांना माहीत होतं?"

"बिनमिठाची भाजी मिटक्या मारत खाल्लीत तुम्ही," काकू म्हणाल्या. "मला नाही कळणार?"

 तिघांनी मिळून घातलेलं एवढं मीठ दगडालाही लागलं असतं, हे काकांनाही समजलं होतं. आता ते शहाण्यासारखं 'छान आहे' म्हणणार, अशी काकूंना धास्ती वाटली. पण काकांनी चमचा पुन्हा उचलला. एक घोट घेतला, जिभेवर घोळवला. मग आणखी एक. दुसऱ्या घोटाला त्यांच्या भुवया जवळ आल्या.

"लोणी बदललंत?"

मालकीणबाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. "सोमवारपासून. जुना डेअरीवाला धंदा बंद करून गेला. पण कुणाच्या म्हणजे कुणाच्या लक्षात आलं नाही हो अजून!"

"कसं येईल? सगळे गिळतात. शेवटी कडवट लागतंय. अगदी शेवटी."

काकूंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी टेबलाचा काठ धरला, आणि टेबल पुन्हा डुगडुगलं.

"ती वही आणा इकडे," काका म्हणाले.

मालकीणबाईंनी सुतळी सोडली, वहीवरची धूळ झटकली आणि पेन स्वतः उघडून दिलं. आचारी हात पुसत बाहेर आला आणि काकांच्या खांद्यावरून वाचायला लागला. 'सूप खारट,' काकांनी लिहिलं. खाली लिहिलं, 'लोणी निकृष्ट.' आणि 'निकृष्ट'खाली रेघ ओढली.

"दुसरं करून आणतो, काका," म्हणत आचाऱ्यानं बाऊलला हात घातला.

"राहू दे." काकांनी बाऊल आपल्याकडे ओढला. "संपवणार आहे मी."

काकूंनी त्यांच्या हातातला चमचा घेतला आणि एक घोट घेऊन पाहिला. मिठानं जीभ आखडली. लोण्याचं त्यांना काहीसुद्धा कळलं नाही.

त्यांनी वही काकांकडे परत सरकवली.

"तारीख घाला," त्या म्हणाल्या.