बहिणीची विहीर

दगडमातीच्या भरावाच्या धरणातून थोडं पाणी पाझरणारच. पण ते नितळ हवं. गढूळ झालं, की समजायचं, पोटातली माती वाहून चालली आणि धरण घटकाभराचा सोबती. यंदा पाझर वाढला, तेव्हा इंजिनिअरनं साहेबांना परोपरीनं विनवलं, "धरण काठोकाठ भरलंय, थोडं पाणी सोडू या."

साहेब म्हणाले, "पाझर नितळ आहे ना? मग उगाच लोकांच्या तोंडचं पाणी का पळवतोस?"

शेवटी त्यानं धरणाच्या पायथ्याच्या गावात दिलेल्या बहिणीला फोन लावला. "मुलांना घेऊन चार दिवस माहेरी ये."

"आत्ता? दादा, मी लग्न होऊन आल्यापासून ठणठणीत कोरडी असलेली आमची विहीर यंदा आपोआप भरलीय! सासूबाई तर तुझ्या धरणाला हात जोडतात. इतकी वर्षं लांबून हंडे वाहिले, आता कुठे दारात पाणी आलं, तर मी माहेरी येऊन बसू?"

तो पुन्हा विनवणार, तोच तिला काहीतरी आठवलं.



"बरं, एक विचारायचं होतं. आज सकाळपासून पाणी अगदी चहाच्या रंगाचं येतंय. गाळून प्यायलं तर चालेल ना रे?"