दुपारचा फोन

छातीत पेसमेकर बसवलेले पेशंट आपापल्या घरी असतात आणि त्यांची धडधड माझ्या स्क्रीनवर येते. हॉस्पिटलचा फोन म्हटला की माणसं धास्तावतात, म्हणून माझं पहिलं वाक्य ठरलेलं आहे.

“आजोबा, घाबरू नका. रोज दुपारी तुमचे ठोके एकदम वाढतात. काय करत असता तेव्हा?”

“काय करणार? तुझ्याशीच बोलत असतो की! हॉलमधल्या फोनवर रोज तूच तर हे विचारतेस.”

मी त्यांना आज पहिल्यांदाच फोन केला होता, तोही मोबाइलवर.

“दुसरं कुणी असेल, आजोबा.”

“आवाज ओळखतो मी. म्हातारा झालोय, बहिरा नाही.” तेवढ्यात त्यांच्याकडे हॉलमधला फोन वाजायला लागला. “थांब हं, पोरी.”

“उचलू नका!”

पण त्यांनी उचलला होता. मोबाइल दुसऱ्या हातात तसाच असावा, कारण पलीकडची बाई मला स्पष्ट ऐकू आली. आवाज माझाच होता, आज सकाळपासून घसा बसलाय तसाच बसलेला.

“आजोबा, घाबरू नका. हातातला मोबाइल खाली ठेवा. तिकडे बोलतेय ती मी नव्हे.”