यंदाची पसंती

"अर्धा?" साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "सँडलचा अर्धा जोड कसा विकला जातो? एक पाय घरी ठेवून गिऱ्हाईक येतं की काय?"

स्वतःच्या विनोदावर ते स्वतःच हसले. ती हसली नाही. ऑफिसात तिला सगळे रिपोर्टबाई म्हणत. कंपनीच्या सगळ्या दुकानांची जुनी विक्री तिने नव्या सॉफ्टवेअरमध्ये ओतली होती. आता कुठलाही प्रश्न विचारा, पडद्यावर उत्तर हजर. आणि त्या शहाण्या सॉफ्टवेअरने पहिल्याच दिवशी नगांच्या रकान्यात हे अर्धे दाखवले होते.

"कुणीतरी डोळे मिटून एंट्री मारलीय. उडवून टाक," साहेब म्हणाले. "आणि सोमवारपासून सिस्टिमला सांग, पूर्ण आकडाच घ्यायचा. अर्धंमुर्धं काही चालणार नाही."

"एकदा तपासते, साहेब. मग उडवते."

तिने अर्ध्या नगांना फिल्टर लावला. दुकानाप्रमाणे गट पाडले. सगळ्या ओळी एकाच दुकानाच्या निघाल्या. बाजारातलं जुनं दुकान. माउसवरचा तिचा हात थांबला.

त्या दुकानाचा वास अजून तिच्या नाकात होता. चामडं, पॉलिश आणि नव्या खोक्यांचा पुठ्ठा. लाकडी बाकावर आई बसायची, शेजारी ही पाय हलवत. विक्रेते काका गुडघा टेकून आईच्या पायात सँडल चढवायचे. लहानपणीच्या आजारपणात आईचा डावा पाय वाढायचा राहून गेला होता. पण सँडल दोन्ही पायांना कसे अगदी मापात! "कंपनी माझ्यासाठी खास जोड बनवते," आई ऐटीत सांगायची. हिने शाळाभर मिरवलं होतं ते. पुढे नोकरी धरली तीही याच कंपनीत. आता एवढी मोठी झाली, तरी त्या खास जोडाचा विचार तिने पुन्हा कधी केलाच नव्हता.

तिने ओळी तारखेप्रमाणे लावल्या. अर्धा नग चार नंबरचा, त्याच बिलात अर्धा सहा नंबरचा. आईच्या दोन पायांची हीच मापं. काही दिवसांनी पुन्हा तेच डिझाइन, पुन्हा अर्धा चारचा, अर्धा सहाचा. बेरीज केली तर जोड पूर्ण. दुकानात एकही सँडल उरलेला नव्हता. म्हणजे आईचे उरलेले सँडल कुणीतरी नेत होतं! तिने रंगाचा रकाना ओढून शेजारी आणला. तपकिरी. पोपटी. तपकिरी. लाल. तपकिरी. सोनेरी.

पोपटी! अगं बाई, ते पोपटी सँडल! आईची पर्स तपकिरी, छत्री तपकिरी, स्वेटरसुद्धा तपकिरी. आणि एके दिवशी बाई पोपटी सँडल घालून दारात उभ्या. बाबांनी विचारलंच, "कुठल्या नाटकात काम मिळालं?" आई म्हणाली, "यंदा पसंती माझी नव्हती." मग कुणाची होती? ते काही तिने कधी सांगितलं नाही. हसत हसत स्वयंपाकघरात निघून गेली.

सोनेरीनंतर रकाना रिकामा होता. ते सोनेरी सँडल अजून घरातल्या स्टँडवर होते. आई गेल्यापासून ते हलवायची कुणाची छाती झाली नव्हती.

साहेब तिच्या खांद्यावरून डोकावले. "बघ, दोन वर्षांत एकही विक्री नाही. मेलेली पद्धत आहे. उडव!"

ते केबिनमध्ये गेले. तिने सगळ्या ओळी निवडल्या, पण बटण दाबायच्या आधी दुकानात फोन लावला. फोन काकांनीच उचलला. अर्धा जोड म्हटल्यावर त्यांची पाचावर धारण बसली.

"मॅडम, चूक नाही हो ती! दोन बायका होत्या. एकीचा डावा पाय लहान, दुसरीचा उजवा. माप तेच, फक्त उलटं. म्हणून दोन जोड फोडून दोघींना द्यायचो. पण त्यासाठी डिझाइन आणि रंग एकच हवा ना? मग ठरवून दिलं. एका वर्षी पसंती हिची, पुढच्या वर्षी तिची."

"भेटल्या होत्या एकमेकींना?"

"कधीच नाही. पण निरोप चालायचे माझ्याकरवी. एकदा एक म्हणाली, त्यांना सांगा, तुमच्या पोपटीने मला गल्लीत प्रसिद्ध केलं."

तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. "मग बंद का झालं, काका?"

"त्या तपकिरीवाल्या बाई यायच्या थांबल्या. दुसऱ्या येतात की! झिजलेले सोनेरी घालून येतात. मी म्हणतो, तुम्ही निवडा, उरलेल्याचं मी बघतो. ऐकतील तर शपथ! म्हणतात, यंदाची पसंती त्यांची आहे. त्या आल्या की बघू."

"काका, ती माझी आई. ती आता नाही येणार."

पलीकडे खोक्याचं झाकण कुठेतरी पडलं.

"म्हणजे बाकावर बसून पाय हलवायचीस ती तू?"

"हो."

"अगं पोरी..."

पडद्यावर सॉफ्टवेअर मघापासून विचारत होतं, निवडलेल्या ओळी काढून टाकायच्या का? तिने 'नाही' दाबलं. साहेब पुन्हा दारात आले. "उडवलं का गं?"

"नाही, साहेब. आज अर्ध्या जोडांची विक्री आहे. दोन बिलं."

ते काही विचारायच्या आत तिने ओढणीने डोळे पुसले आणि फोन कानाशी धरला.

"काका, आईचा जोड मी घेऊन जाईन. आणि त्यांना निरोप द्या, यंदा तपकिरी."