याहून मोठा

लेक गेम खेळताना नेहमी म्हणायची, "बाबा, मोठा टीव्ही घ्या ना." मी दर वेळी म्हणायचो, "पुढच्या वर्षी." तिला जाऊन आठ महिने झाले, तेव्हा बायकोच मला दुकानात घेऊन आली.

"आधी बंद करून दाखवा," ती विक्रेत्याला म्हणाली. "काचेवर उजेड किती चमकतो ते बघायचंय."

त्रेचाळीस इंचीच्या काळ्या काचेत आम्ही दोघं दिसलो. आमच्यामागे घरचा सोफा होता, आणि कंट्रोलर धरलेले दोन हात. मी झटकन वळलो. मागे नुसती फ्रिजची रांग.

"याहून मोठा?" बायकोने शांतपणे विचारलं.

पंचावन्न इंचीत लेक खांद्यापर्यंत दिसली. टी-शर्टची बाही उसवलेलीच होती, शिवायची राहून गेलेली.

"घरी दोघंच ना तुम्ही?" विक्रेता म्हणाला. "मग एवढा पुरे की."

"याहून मोठा दाखवा," आता मीच म्हणालो.

पंचाहत्तर इंचीत ती अख्खी मावली. तिने खेळ थांबवला, आमच्याकडे पाहिलं आणि सोफ्यावर जराशी सरकून बसली.

एकाच माणसापुरती जागा झाली.

बायकोने माझ्या हातातून आपला हात हळूच सोडवून घेतला.