खुमऱ्याची बाटली

हाज्जा बतूलने खुमऱ्याची बाटली कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात ओवली.

"या अत्तराच्या उग्र वासाने माझं डोकं चढतं. या खुराड्यात वारा तरी कुठे आहे? हातिम आला की लाव हवं तितकं."

"बरं, यम्मा," इख्लास म्हणाली. सासूशी वाद घालायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

हातिम येणार नव्हता. चारच दिवसांपूर्वी सुदानमधल्या ओमदुर्मानहून शेजाऱ्याचा फोन आला होता. पहाटे घरावर तोफगोळा पडला आणि कबरस्तानापर्यंत जायची सोय नव्हती, म्हणून हातिमला अंगणातच, लिंबाच्या झाडाखाली पुरलं. इख्लासने न्हाणीघराचं दार लावलं, नळ पूर्ण सोडला, तोंडात पदर कोंबला आणि रडून घेतलं. बाहेर आली तर सासू दारातच उभी. कैरोत पाणी सहाव्या मजल्यावर पंपाने चढतं, ते असं वाहू देऊ नये, एवढंच म्हणाली.

तिला सांगायचं कसं? युद्धातून निघताना सरहद्दीवरच्या बसमध्येच म्हातारीचं हृदय थांबता थांबता राहिलं होतं. कसलाही धक्का बसू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हातिम घर राखायला मागे राहिला, तेव्हा निरोप देताना त्यानेही एकच गोष्ट मागितली होती: माझ्या आईला सांभाळ.

म्हणून इख्लासने तोंड शिवून घेतलं. आठ वर्षांच्या लेकीला, रुबालाही काही कळू दिलं नाही. आपल्या गावी असती तर बायका चटया टाकून बसल्या असत्या, गळ्यात पडून रडल्या असत्या, विधवेचे चार महिने दहा दिवस रीतसर पाळले गेले असते. इथे तिला सासूच्या मागे मागे हसऱ्या चेहऱ्याने फिरायचं होतं. बारा वर्षांच्या संसाराचा एवढासा मान, तोही आपल्याकडून राखला गेला नाही, हे तिला आतून कुरतडत होतं.

रोज संध्याकाळी ती हातिमचा निरोप तयार करायची. फोन लागत नाही, नुसतं लिहिलेलं येतं, असं सांगून ठेवलं होतं.

"गोळ्या वेळेवर घे म्हणतोय."

"घेते म्हणावं," हाज्जा सांगायची. "आणि लिंबाला पाणी घालत जा म्हणावं. उन्हाळा फार आहे तिकडे."

इख्लास मोबाइलवर खोटीखोटी बोटं फिरवायची. नशीब, म्हातारीने लेकाचा आवाज ऐकायचा हट्ट कधी धरला नाही.

बाकी हट्ट मात्र तिने ढीगभर धरले. नव्या शहरात सुनेने एकटीने बाहेर पडायचं नाही. गुडघे कुरकुरत असताना स्वतः सहा मजले उतरून भाजी आणायची आणि वर येईपर्यंत दर मजल्यावर बसायची. रुबाचं नाव शाळेत घालायलाही तीच गेली. इख्लासचे अंगभर गुंडाळून नेसायचे रंगीत तोब तिने ट्रंकेत भरले, इथल्या पाण्यात रंग उतरतात म्हणून, आणि स्वतःचे दोन पांढरे तोब तिच्या अंगावर टाकले. खालच्या उम्म शेरीफकडे लग्न निघालं. मेंदीला बोलावणं आलं, तेही हाज्जाने परस्पर परतवलं.

"सून आणलीस की कैदी?" उम्म शेरीफने जिन्यात विचारलं.

"तुमच्या कैरोत माणसं हरवतात बाई. मला सून एकच आहे."

इख्लासला हसू आलं नाही. कोपऱ्यावरच्या गल्लीत ओमदुर्मानच्याच एका बाईने शिवणाचं दुकान काढलं होतं, तिला हात हवे होते. हाज्जाने तेही 'नंतर बघू' म्हणून टाळलं. तिच्याच मुलासाठी रडायला जागा नाही आणि मोकळा श्वास घ्यायलाही ही बाई जागा ठेवत नाही, असं इख्लासला वाटायचं. वाटलं की स्वतःचीच लाज वाटायची.

एकदा भेंडी निवडताना तिच्याच्याने राहवलं नाही.

"हातिम असता ना, तर..." तिने जीभ चावली. "इथे असता, तर त्याने मला असं कोंडून ठेवलं नसतं."

हाज्जाची सुरी थांबली.

"नसतं ठेवलं," ती म्हणाली आणि पुढची भेंडी उचलली.

उन्हाळा सरला. एका सकाळी रुबा शाळेत गेली तशी हाज्जाने गळ्यातली किल्ली काढली. कपाट उघडलं, मग ट्रंक. हातिमने ईदला घेतलेला हिरवा तोब तिने पलंगावर पसरला आणि शेजारी खुमऱ्याची बाटली ठेवली.

"हा नेस आणि त्या शिवणवालीकडे जा. मी बोलून आलेय. तुझी वाट बघतेय ती."

इख्लास बघतच राहिली. "आज काय झालं, यम्मा? आणि या वासाने तुमचं डोकं चढेल त्याचं काय?"

हाज्जाने बाटलीचं बूच काढलं, सुनेचा हात मांडीवर घेतला आणि बोटाने तिच्या मनगटाला अत्तर लावलं.

"तू नळ सोडलास त्या दिवसापासून चंद्रावरून मोजत आले," ती म्हणाली. "चार महिने दहा दिवस काल पुरे झाले, पोरी."